नकाशातली विहीर

"तुमचं बरोबरच हाय ताई, पर..." असं म्हणून होडीवाले मामा वल्हं आडवं करून मांडीवर ठेवायचे. वल्हं मांडीवर आलं की समजायचं, आपलं चुकलंय.

हिमायतनगरच्या अलीकडे एक जुना तलाव आहे. त्यात गाळ किती साठला, पाणी किती मावतं, हे मोजून नकाशा करायचं काम आमच्याकडे आलं. मी तेव्हा विष्णुपुरीतल्या एका लहानशा सर्वेक्षण कचेरीत नोकरीला होते. यंत्र आमचं, होडी मामांची. भोई समाजातले, साठी ओलांडलेले, काटक. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. तळ्यावरही कुणी त्यांना नावानं हाक मारलेली मला आठवत नाही.

यंत्र होडीच्या कडेला बांधायचं. ते पाण्यात आवाज सोडतं, आवाज तळाला आपटून परत येतो आणि पडद्यावर खोलीचा आकडा उमटतो. मामांकडे गाठी मारलेली दोरी होती, टोकाला दगड. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "यंत्र काय सांगायलंय?"

"साडेअकरा फूट."

त्यांनी दोरी सोडली, गाठी मोजत वर ओढली. "दोन परस," म्हणाले. परस म्हणजे एका उभ्या माणसाइतकी खोली. "बरोबर हाय बिचारं." आमच्या महागड्या यंत्राला मिळालेलं हे पहिलं प्रशस्तिपत्र.

मला पोहता येत नाही हे कळल्यावर ते पोट धरून हसले. "पवता येत न्हाई अन् पाण्याचा नकाशा करायलाव! लई हिंमत हाय." पण त्या दिवसापासून होडी काठाला लागली की आधी स्वतः उतरून, गुडघाभर चिखलात उभे राहून ते मला हात द्यायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. माया बोलून दाखवता येत नाही, म्हणून चिखलात उभी राहणारी.

नवव्या दिवशी मोजणी संपली. दुपारी बांधावरच्या लिंबाखाली बसून मी त्यांना लॅपटॉपवर नकाशा दाखवला. उथळ पाणी पिवळं, खोल पाणी निळं. मामा बराच वेळ बघत राहिले. मग एका निळ्या पट्ट्यावर बोट ठेवून म्हणाले, "तुमचं बरोबरच हाय ताई, पर हितं विहीर हाय."

मी समजावलं, यंत्रानं तिथं अठराच फूट दाखवलंय. पण मनात पाल चुकचुकली. आमची होडी ठराविक अंतर सोडून सरळ रेषांत फिरली होती. दोन रेषांच्या मधली जागा सॉफ्टवेअर अंदाजानं भरतं. त्या मधल्या जागेत काही असलं, तर आम्हाला कळणार कसं?

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा होडी काढली. पलीकडच्या देवळाचा कळस आणि टेकडीवरचा मोठा धोंडा एका ओळीत येईपर्यंत मामांनी वल्हं मारलं, मग थांबले. पडद्यावर अठरा होता. होडी हातभर सरकली आणि आकडा एकदम त्रेचाळीसवर गेला.

मी आनंदानं ओरडलेच. मामा हसले नाहीत.

"तळं व्हायच्या आधी मळा व्हता हितं," ते म्हणाले. "बांधीव विहीर. तोंड उंच हाय, म्हणून गाळानं बुजली न्हाई. तळं आटलं की मासळी हिच्यात उतरती. मरळ ऱ्हाती जिती. पाऊस पडला, तळं भरलं, की मासळीचं तेच बी वर येतंय. माझा बाप दर साली बाभळीचे काटे टाकायचा हिच्यात, जाळं जाऊ नाही म्हणून. आता मी टाकतो."

मग म्हणाले, "एवढी एक जागा कोरी ठेवा ताई."

"नकाशात खोटं लिहिता येत नाही, मामा."

"खोटं नका लिहू. पर सगळंच कशाला लिहावं लागतंय?"

खरं सांगायचं तर मी विहीर लगेच टिपून घेतली होती. कचेरीत त्या एका ठिपक्यावरून माझं कौतुक झालं. पुढे तिथल्या मच्छीमार सोसायटीच्या चेअरमननी फोन केला, "म्याडम, मासळी कुठं घावंल तेवढं दाखवा की." मी उत्साहानं मोबाइलवर चालणारा नकाशा करून दिला. ठिपक्यावर बोट ठेवलं की बाण तिथवर घेऊन जातो. कपारी, जुना नाला, बुडालेला रस्ता, सगळं होतं त्यात. सगळ्यात गडद निळा ठिपका विहिरीचा होता. लोकांच्या उपयोगाचं काम केलं म्हणून त्या दिवशी मला शांत झोप लागली.

तिसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला. उन्हाळ्यात तळं आक्रसत विहिरीभोवतीच्या डबक्याएवढं राहिलं. एके दिवशी चेअरमनचा व्हिडिओ आला. खाली लिहिलं होतं, "तुमच्या नकाशाची कमाल!" काठावर ओल्या काळ्या काट्यांचा ढीग. लोखंडी आकड्यांनी ओढून काढलेला. शेजारी मरळींचा ढीग, काही अजून हलत होत्या.

मी रविवारी गेले. मामा घरासमोर जुनं, फाटकं जाळं उसवत बसले होते. "मामा, माझ्यामुळं झालं," मी म्हणाले.

ते सुतळी गुंडाळू लागले.

"तीन दिस लागले काटे काढायला," म्हणाले. "मीबी गेलतो. घरात काही नव्हतं. चार मरळी वाट्याला आल्या. मामीनं रांधल्या. आंडी व्हती पोटात." मान वर न करता त्यांनी पुढचं सांगितलं. "वाटलं व्हतं, घास उतरणार न्हाई. पर लई गोड लागल्या, ताई. त्येच वाईट."

मामी आतून पाणी घेऊन आल्या. तांब्या माझ्यापुढे ठेवला आणि परत गेल्या.

पुढच्या पावसाळ्यात तळं काठोकाठ भरलं. मामा रोज जाळं टाकायचे. शेवाळ यायचं, चिंगळ्या यायच्या, एकदा कासव आलं. मरळ आली नाही. सोसायटीनं बाहेरून बी आणून सोडलं, पण ते मोठं व्हायच्या आधीच लोकांनी ठिपके बघून बघून काढलं. मी माझ्या फाइलमधून विहीर पुसली. पण त्याला काही अर्थ नव्हता. ती पन्नासेक मोबाइलमध्ये होती.

दिवाळीनंतर मामा-मामी लेकीकडे, तेलंगणात गेले. तिथं एका मत्स्यशेतीवर मामांना राखणीचं काम मिळालं. होडी त्यांनी कुणाला दिली, मी विचारलं नाही.

परवा फोन लावला. मामांचा आवाज बारीक झाला होता.

"पाणी कसं आहे तिकडं?"

"सिमिटाचे हौद हायत. कुठंबी उतरा, कमरेएवढंच."

"आणि मासळी?"

"बख्खळ. टायमाला खाऊ टाकायचा. माणूस दिसला की वर येती, तोंड वासून." पलीकडून कुणीतरी त्यांना तेलुगूत हाक मारली. "आलो, आलो," म्हणत ते उठले असावेत. फोन ठेवायच्या आधी हळू आवाजात म्हणाले, "माणसाला भेत न्हाई ताई, हितली मासळी."