सामानापाशी बसलेला माणूस

काही प्रकरणं फाइल बंद झाली की डोक्यातूनही जातात. हे प्रकरण गेलं नाही. खुनाचे, दरोड्याचे गुन्हे उघडकीस आणले, त्यांचे तपशील आता आठवायला बसावं लागतं. हे मात्र नको तेव्हा समोर येतं. यात ना रक्त सांडलं, ना कुणाचा मोठा ऐवज गेला, तरीही.

मी तेव्हा लातूर शहराबाहेरच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. आमच्या हद्दीत एका माळरानावर तीन दिवसांचा संगीत महोत्सव भरला होता. लावणी, गझल, कव्वाली, शहरातल्या पोरांचे गिटारवाले बँड, असं सगळं होतं. आवारातच तंबू ठोकलेले. नांदेड, परभणी, बीदरपासून तरुण मंडळी आली होती आणि तीन दिवस तिथेच राहणार होती. असा प्रकार आमच्या भागात नवा. बंदोबस्ताला माणसं अपुरी, त्यात पहिल्याच दिवशी मोबाइल चोरीच्या नऊ तक्रारी आल्या. साहेबांचा फोन आला, "उद्यापर्यंत काहीतरी दिसलं पाहिजे." तिसऱ्या दिवशी पाहुणे म्हणून बडी मंडळी येणार होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी खबर मिळाली. मैदानात ऑम्लेटची गाडी लावणारा एक जण आमच्या ओळखीतला होता. तो येऊन म्हणाला, "साहेब, हदगावकडचा एक गडी हाय. दोन दिस झाले, गाण्याकडं ढुंकून बघत न्हाई. तंबूच्या तोंडाशी पिशवी घेऊन बसून राहिलाय. येणारा-जाणारा त्याच्याकडं फोन देऊन राहिला."

खिसेकापूंच्या टोळीत हात मारणारे वेगळे आणि माल सांभाळणारा वेगळा असतो, हे कोणताही जुना पोलीस सांगेल. सांभाळणारा गर्दीपासून लांब, साळसूद चेहरा करून बसतो. माझ्या डोक्यात ते चित्र पक्कं बसलं. आम्ही गेलो, तर तो खरंच तसाच बसलेला होता. तिशीच्या आतला, काटक, केस बारीक कापलेले. मांडीवर खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी. पिशवीत अकरा मोबाइल, सगळे बंद करून ठेवलेले. पंचांसमक्ष जप्ती केली आणि त्याला ठाण्यात आणलं.

चौकशीला मी स्वतः बसलो.

"कुणाचे फोन आहेत?"

"तीन आमचे हायत साहेब. माझा अन् दोघा दोस्तांचा. बाकीचे हिमायतनगरवाल्यांचे, अन् दोन भोकरवाल्यांचे."

"नावं सांग."

"नाव न्हाई इचारलं."

"ओळख ना पाळख, आणि लोक तुला हजारोंचे फोन देतात?"

"जत्रेत सामानापाशी बसतो त्याला कुणी नाव सांगतं का साहेब? ठेवतात अन् जातात."

मी हसलो. आज ते हसू आठवलं की लाज वाटते. फोन बंद का, असं विचारलं तर म्हणाला, चार्जिंगला रांग लागते म्हणून ज्याचे त्यानेच बंद करून दिले. चोरही फोन आधी बंदच करतात. प्रत्येक उत्तर मला हवं तिकडे वळत होतं, कारण वळवणारा मीच होतो.

माझे जमादार निवृत्तीला आलेले, शांत गृहस्थ. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, नऊ तक्रारींतले आयएमईआय नंबर जुळवून पाहिले. या अकरांतला एकबी जुळत न्हाई. स्टेजवरून एकदा पुकारा करू. ज्याचा असंल तो येईल."

मी म्हणालो, "आणि टोळीतले बाकीचे सावध होऊन पळतील, त्याचं काय?"

सांगायला हे कारण बरं होतं. खरं कारण वेगळं होतं. संध्याकाळी साहेबांना फोन करून 'एक ताब्यात, अकरा हस्तगत' एवढं सांगायची मला घाई झाली होती. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग, तशी माझी गत.

एक गोष्ट मात्र मी केली. त्याने सांगितलेल्या दोन दोस्तांना शोधून आणायला शिपाई पाठवला. ते दोघे आले. गजाआडून त्यांना तो दिसत होता आणि त्याला ते. त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला, आता सुटलोच अशा खात्रीने तो उठून उभा राहिला.

"याला ओळखता?" मी विचारलं.

त्यातला एक म्हणाला, "तोंडओळख हाय साहेब. एसटीत भेटला व्हता." दुसरा खाली बघत राहिला.

तो परत खाली बसला. मी त्या बसण्याचा अर्थ 'पकडला गेला' असा काढला. पंचवीस वर्षं माणसं वाचायचा धंदा केला, आणि दोस्ताने तोंडावर नाकारलेल्या माणसाचा चेहरा मला वाचता आला नाही.

महाराष्ट्र पोलीस कायद्यात कलम १२४ आहे. जवळच्या वस्तूंबद्दल समाधानकारक खुलासा देता आला नाही, तर ते लावता येतं. मी ते लावायला सांगितलं. ठाणे अंमलदाराने रजिस्टर ओढलं तेव्हा पहिल्यांदा तो रडकुंडीला आला.

"साहेब, पोलीस भरतीच्या यादीत माझं नाव लागलंय. पळण्यात, पेपरात, समद्यात पास झालो. चारित्र्य पडताळणी तेवढी राहिलीय. वयात बसणारी ही शेवटची भरती हाय माझी. हवं तर मारा मला, पण लिवू नका."

आरोपी काय काय सांगतात, याचा मला कंटाळा आला होता. मी म्हणालो, "पोलीस होणारा माणूस असली पिशवी घेऊन बसत नाही." आणि गुन्हा नोंदवला गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याला न्यायालयात हजर करायची तयारी चालली होती. तेवढ्यात पाच-सहा माणसं ठाण्यात आली. पुढे चाळिशीची एक बाई होती. हिमायतनगरजवळच्या गावात अंगणवाडी चालवणारी. मला वाटलं, आली तक्रार एकदाची. मी जमादारांकडे जरा टेचातच पाहिलं.

बाई म्हणाली, "साहेब, माणूस हरवल्याची नोंद करायची हाय. आमच्या सामानापाशी एक पोरगा बसला व्हता, हदगावकडचा. कालपासून दिसंना. त्याचं जेवण तसंच पडलंय."

"आणि तुमचे फोन?"

"फोन त्याच्यापाशीच हायत. फोनचं राहू द्या हो साहेब. तो असा उठून जाणारा न्हाई. त्याचं काही बरंवाईट झालं का, तेवढं बघा."

जमादार उठून बाहेर गेले. मी त्या बाईला बसायला सांगितलं. मग तिनेच समजावून दिलं, म्हणजे मला माहीत असायला हवं होतं तेच. आमच्या भागात गावची माणसं मिळून जत्रेला, उरुसाला गेली की एकजण सामानापाशी बसतो. शेजारी दुसऱ्या गावाची मंडळी उतरली तर तीही आपली गाठोडी तिथेच ठेवतात. कुणी पावती मागत नाही. बसलेला माणूस जागचा हलत नाही, हीच त्याची पावती. महोत्सव कितीही शहरी असला तरी आलेली माणसं आपल्या गावची रीत बरोबर घेऊन आली होती. मीसुद्धा अशाच गावातला. लहानपणी माझे वडील माळेगावच्या जत्रेत सामानापाशी बसलेले मी पाहिले आहेत. पण ते मला तेव्हा नेमकं आठवलं नाही.

एकेकाने येऊन आपापला फोन कुलूप उघडून दाखवला. मागून आलेले भोकरवाले आणि त्याचा स्वतःचा धरून नऊ जुळले; उरलेल्या दोनांच्या पडद्यावर त्या दोस्तांचेच फोटो होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते माझ्याच हातून झालं होतं. खरे चोर, जाता जाता सांगतो, पुढे महिन्याभराने दुसऱ्याच जिल्ह्यात सापडले.

जबाब, पंचनामा, बंधपत्र होईपर्यंत संध्याकाळ झाली. मैदानावर कव्वाली सुरू झाली होती, आवाज ठाण्यापर्यंत स्पष्ट येत होता. कागदावर सही करता करता त्याचा हात थांबला. तो खिडकीकडे कान देऊन उभा राहिला. बाईने मला सांगितलं, पहिले दोन दिवस तो बसणार आणि तिसऱ्या दिवशी त्याचे दोस्त, असं त्यांचं ठरलं होतं. कव्वालीसाठीच तो आला होता.

मी म्हणालो, "जा, अजून तासभर चालेल. मी गाडीने सोडतो."

"न्हाई साहेब. गावाकडची एसटी बघतो."

त्याने दोस्तांची चौकशी केली नाही. ते दोघे आपले फोनही न मागता आदल्या संध्याकाळीच निघून गेले होते. दोघंही त्याच्याच शाळेतले, त्याच्याच बरोबर पहाटे धावणारे. एकाचं नाव त्याच भरतीच्या यादीत होतं. ठाण्याच्या कागदावर आपलं नाव यायला नको, म्हणून त्याने या दोस्ताला एसटीतली तोंडओळख करून टाकलं होतं.

इथपर्यंत झाली ती चूक. चूक कुणाच्याही हातून होते. खरा अपराध पुढचा आहे, आणि तो मी खात्यात असेपर्यंत कुणाला सांगितला नाही.

गुन्हा एकदा नोंदला की पोलिसाला तो पुसता येत नाही. न्यायालयात अहवाल पाठवायचा आणि मंजुरीची वाट बघायची. तो अहवाल मी पाठवला. पण मंजुरी येण्याआधीच चारित्र्य पडताळणीचा कागद माझ्या टेबलावर आला. 'गुन्हा दाखल आहे काय' या रकान्यात त्या पोराने स्वतःच्या हाताने 'होय' लिहिलं होतं आणि खाली सगळी हकिगत दिली होती. गुन्हा आमच्या ठाण्यातला म्हणून माझा अभिप्राय मागवला होता. 'गैरसमजातून नोंद झाली, उमेदवार निर्दोष आहे' असं मला लिहिता आलं असतं. जमादारांनी तसा मसुदाही करून आणला. पण तसं लिहिलं तर गैरसमज कुणाचा, हा प्रश्न आला असता, आणि माझी बढतीची फाइल तेव्हा वर गेलेली होती. मी मसुदा बाजूला ठेवला आणि 'प्रकरण न्यायप्रविष्ट आहे' एवढंच लिहून सही केली. वाक्य खरं होतं. कुणी बोट ठेवू शकलं नसतं.

न्यायालयाची मंजुरी आली तेव्हा भरतीची यादी बंद होऊन बरेच महिने झाले होते. वरातीमागून घोडं. त्याचं वयही उलटलं होतं. मला बढती मिळाली.

निवृत्तीनंतर एका लग्नासाठी हदगावला जाणं झालं. त्याचं गाव तिथून जवळच होतं. सकाळी शाळेच्या मैदानावर तो सापडला, भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींना गोळाफेक शिकवत होता. शेती सांभाळून फुकट शिकवतो, असं गावात कळलं. त्याच्या हाताखालची काही पोरं खात्यात लागली आहेत. मला त्याने लगेच ओळखलं. त्या वेळी मी त्याला अरेतुरे केलं होतं. आता तोंडातून आपसूक 'तुम्ही' आलं.

म्हणालो, "तुमची माफी मागायला आलोय." मग त्या पडताळणीच्या कागदाचंही सांगितलं. ते त्याला माहीत नव्हतं. त्याला वाटत होतं, फक्त गुन्ह्यामुळे गेलं. एक मुलगी गोळा घेऊन खोळंबली होती, तिला त्याने हातानेच थांबवलं.

"साहेब, तोंडी माफी घेऊन मी काय करू? तवा तुम्ही जे लिवायचं ते लिवलं न्हाई. आता लिवा."

"कुठे लिहू? आता कोण वाचणार?"

"कुठंबी लिवा. माझं नाव नका टाकू, गावाला आता कुठं ते इसरायला झालंय. पण लिवा."

एवढं बोलून तो त्या मुलीकडे वळला आणि तिचा खांदा सरळ करू लागला. मी निघालो.

तरुण अधिकाऱ्यांना मी एवढंच सांगेन, की माणसाला आत टाकण्याआधी तो कुठल्या रीतीतून आलाय ते विचारा, आणि चूक झाली तर ती त्याच दिवशी कागदावर घ्या. मी ते केलं नाही. म्हणून उशिरा का होईना, माझा अभिप्राय इथे नोंदवतो: सदर उमेदवाराविरुद्धची नोंद माझ्या चुकीमुळे झाली. उमेदवार निर्दोष आहे. पोलीस दलात नेमणुकीस तो सर्वथा योग्य होता.