स्पिरिटची बाटली, नग एक

आमच्या सातपूरच्या सोसायटीत तंबाखूचे पाइप धुऊन देणारा माणूस राहतो म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग हळूच पत्ता विचारतात.

खंडेराव गांगुर्डे स्वतः तंबाखूला शिवत नाहीत. दारूचा थेंब त्यांनी जन्मात चाखलेला नाही. सुपारी खाल्ली तरी ठसका लागतो. अशा माणसाच्या मागच्या गॅलरीतून दिवसभर तंबाखूचा आणि स्पिरिटचा वास येतो, आणि तिसऱ्या मजल्यावरचे निर्व्यसनी सभासद बैठकीत नाकाला रुमाल लावून तक्रार करतात. त्यांच्याच घरून दर रविवारी भंगारवाला रिकाम्या बाटल्यांचं पोतं नेतो, पण त्या बाटल्या बहुधा पाहुणे आणत असावेत.

गिऱ्हाईक म्हणजे कॉलेज रोडची दाढीवाली पोरं. देवळालीच्या एखाद्या जुन्या बंगल्याचं सामान निघालं की ही पोरं तिथून कुण्या मेजरसाहेबाचा पन्नास वर्षं न धुतलेला पाइप उचलतात, त्याला 'वारसा' म्हणतात, एक झुरका ओढतात आणि डोळ्यांत पाणी आणून खंडेरावांकडे धावतात.

खंडेरावांचं यंत्र बघण्यासारखं आहे. एक परीक्षानळी, तिला भोक पाडलेलं बूच, बुचात काचेची नळी, आणि त्या नळीवरून पाइपच्या दांडीपर्यंत सलाइनची रबरी नळी. पाइपच्या वाटीत कापूस ठासायचा. परीक्षानळीत स्पिरिट घालून ती कढत पाण्याच्या पातेल्यात धरायची. वाफ दांडीतून वर चढते आणि वाटीतल्या कापसात भिनते. नळी पाण्याबाहेर काढली की सगळं परत खाली ओढलं जातं आणि परीक्षानळीत काळी कॉफी जमते. ती ओतायची, पुन्हा नवं स्पिरिट. सहा वेळा, आठ वेळा, स्पिरिट नितळ निघेपर्यंत. "इस्तवाजवळ स्पिरिट नाय न्यायचं भाऊसाहेब, पाणी आधी उकळून घ्यायचं आन् ग्यास बंद करायचा," हे ते मला दर वेळी सांगतात. खंडेराव रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत होते त्याच कॉलेजात मी एकतीस वर्षं हेडक्लार्क होतो, पण माझ्या समजुतीवर त्यांचा विश्वास नाही. योग्यच आहे.

एकदा त्यांनी काटकसर केली होती. कोरोनात सोसायटीने घेतलेल्या सॅनिटायझरचा एक कॅन जिन्याखाली पडला होता. वाया कशाला घालवायचा म्हणून त्यांनी तोच वापरला. त्या मेजरसाहेबाच्या वारशाला पुढे सहा महिने लिंबाचा वास येत होता. तेव्हापासून मेडिकलमधून शुद्ध स्पिरिटच.

आता हा माणूस हे सगळं कुठे शिकला, तर कॉलेजच्या प्रयोगशाळेत. हरसूलहून वयाच्या विसाव्या वर्षी आला आणि प्रयोगशाळा परिचर म्हणून लागला. विद्यार्थ्यांना प्रयोग कळत नसला की ते सरांना विचारत, आणि सरांना कळत नसला की सर खंडेरावांना चहा आणायच्या निमित्ताने आत बोलवत. प्रयोगशाळेच्या प्रत्येक वस्तूवर त्यांनी लाल ऑइलपेंटची बारीक रेघ मारलेली असे. चंचुपात्र असो, बूच असो, बाटली असो, लाल रेघ म्हणजे आमची. आणि सहीशिवाय काही बाहेर जायचं नाही.

सही करणारे विभागप्रमुख होते मोघे सर. विद्वान माणूस. तोंडात पाइप, डोळे छताकडे. खंडेराव कागद पुढे करत, सर म्हणत, "कुठे करू?" आणि खंडेराव बोट ठेवतील तिथे करत. वाचणं हे त्यांच्या विद्वत्तेला शोभणारं नव्हतं.

सत्त्याण्णव साली साठा तपासताना रेक्टिफाइड स्पिरिटची एक बाटली कमी भरली. सर म्हणाले, "खंडेरावला विचारा." खंडेराव म्हणाले, मला माहीत नाही. मग मेमो काढायचा ठरला आणि तो टाइप केला मी.

इथे मला माझी हुशारी सांगायलाच हवी. सरांनी फक्त 'खुलासा करावा' एवढंच सांगितलं होतं. पण नुसता खुलासा कसा? मेमोला वजन पाहिजे. मी आपल्या मनाने दोन शब्द घातले: 'मद्यप्राशनार्थ अपहार'. शब्द छान जमले म्हणून मी त्या दिवशी स्वतःवर खूश होतो. सर म्हणाले, "कुठे करू?" मी बोट ठेवलं.

खंडेरावांची वेतनवाढ थांबली, ते एक वेळ सोसता आलं असतं. पण गोष्ट हरसूलपर्यंत पोचली. गळ्यात तुळशीची माळ आणि हा गडी कॉलेजातलं स्पिरिट पितो! भजनात त्यांच्याकडे पखवाज असायचा. पुढच्या एकादशीला तो दुसऱ्याच्या मांडीवर होता. खंडेराव भजनातून उठले. घरी आले, माळ काढली, डबीत ठेवली. "बाटली घावंल तवा घालीन," म्हणाले. बायको गेली तेव्हाही गळा मोकळा होता. सत्तावीस वर्षं.

आणि मी? मी निवृत्तीनंतर त्यांच्याच सोसायटीत फ्लॅट घेतला आणि रोज संध्याकाळी त्यांच्या गॅलरीत फुकट चहा पीत बसतो. त्यांनी मला कधी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

गेल्या महिन्यात वेदिका आली. मोघे सरांची नात. सरांना पंचाऐंशी वर्षं पूर्ण होत होती, गंगापूर रोडच्या एका हॉलमध्ये माजी विद्यार्थी सत्कार करणार होते, आणि सरांच्या हातात त्यांचा तो प्रसिद्ध पाइप असल्याशिवाय फोटो पूर्ण होणार नव्हता. "आजोबा पूर्वी स्वतःच साफ करायचे," ती म्हणाली. "त्यांचं सामानपण आणलंय. कपाटाच्या वर होतं. तुम्हाला उपयोगी पडेल."

बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. खंडेरावांनी झाकण काढलं. आत परीक्षानळी, भोक पाडलेलं बूच, काचेची नळी. खंडेरावांचंच यंत्र, फक्त जुनं. प्रत्येकावर लाल रेघ. खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली, काचेचं बूच घट्ट, तळाला चार बोटं स्पिरिट, आणि लेबलवर खंडेरावांचं वळणदार अक्षर: रेक्टिफाइड स्पिरिट, नग एक.

वेदिका गेल्यावर त्यांनी बाटलीच्या लेबलवरची धूळ पुसली. मला वाटलं, आता शिव्या देतील. मलाही द्याव्यात असं वाटत होतं. त्यांनी पातेल्यात पाणी ठेवलं.

तो पाइप त्यांनी तीन दिवस धुतला. त्याच बाटलीतलं दोन बोटं स्पिरिट वापरून. वाटीतली काजळी खरवडली, दांडीतून तारेवर कापूस गुंडाळून फिरवला, शेवटचं स्पिरिट आरशासारखं निघालं. इतका स्वच्छ पाइप त्या लबाड विद्वानाने उभ्या जन्मात पाहिला नसेल. मी तसं म्हणालो. "लबाड नाय वो," खंडेराव म्हणाले. "इसरले असतील." मला त्यांचा राग आला. माणसाने इतकं चांगलं असू नये, दुसऱ्यांची पंचाईत होते.

मग ते म्हणाले, "भाऊसाहेब, एक कागद टाइप करून द्या." मजकूर त्यांनी सांगितला. मी या वेळी स्वतःचा एकही शब्द घातला नाही.

सत्काराला हॉल भरला होता. शाल झाली, श्रीफळ झालं, सरांच्या साधेपणावर चार भाषणं झाली. खंडेराव मंचावर गेले, पाइप सरांच्या हातात दिला आणि बाटली टेबलावर ठेवली. सरांनी लेबल वाचलं. आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी वाचलं असावं. त्यांचा चेहरा उजळला.

"अरे खंडेराव! परत आणलीस?" त्यांनी माईक ओढला. "मित्रहो, या माणसाच्या हातून तरुणपणी एक चूक झाली होती. मी कधीच मनात ठेवली नाही. आज त्याने ती स्वतःहून सुधारली. माणूस असा असावा!"

टाळ्या कडाडल्या. खंडेरावांच्या पाठीवर सरांचा हात होता. मी पहिल्या रांगेत बसून खुर्चीचा दांडा धरला, नाहीतर काय केलं असतं सांगता येत नाही. वेदिका पांढरी पडली होती. डबा कुठल्या कपाटावर होता ते तिला ठाऊक होतं.

खंडेरावांनी टाळ्या थांबू दिल्या. मग खिशातून कागद काढून टेबलावर ठेवला. "सर, परतीची सही."

"कुठे करू?"

"आजोबा, आधी वाचा तरी," वेदिका पुढे होत म्हणाली.

"खंडेरावचा कागद आहे. त्यात काय वाचायचं?" सर हसले आणि खंडेरावांनी बोट ठेवलं तिथे त्यांनी झोकात सही केली.

कागदावर एवढंच होतं: 'सदर बाटली माझा पाइप साफ करण्याकरिता मी स्वतः, नोंद न करता घरी नेली होती. परिचर खंडेराव गांगुर्डे यांचा यात काहीही संबंध नाही. बाटली आज परत केली.'

बाहेर आल्यावर मी तापलो होतो. "द्या इकडे तो कागद! आत्ता जाऊन माईकवर वाचतो."

"मेमो काय माईकवर वाचला व्हता का?" खंडेराव म्हणाले. "फायलीला लावला व्हता. ह्योबी फायलीला लावा."

मी त्यांच्या हातातला कागद घडी करून खिशात ठेवला. मग त्यांनी दुसऱ्या खिशातून डबी काढली. माळेचा दोरा नवा ओवलेला होता. म्हणजे घरून निघतानाच त्यांना माहीत होतं, सर वाचणार नाहीत. त्यांनी माळ गळ्याभोवती धरली आणि माझ्याकडे पाठ केली.

"गाठ मारा भाऊसाहेब. मागून मला जमत नाय."

हॉलमध्ये अजून भाषण चालू होतं. मेमोतल्या त्या दोन शब्दांना माझी बोटं कशी झरझर चालली होती. गाठ मात्र तिसऱ्या खेपेला बसली.