मालक समोरच्या खोलीत

वेंकटरमण शिंप्याकडे शाळेचं लक्ष पहिल्यांदा गेलं ते गणवेशाच्या मापांच्या दिवशी. ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. आधीचा शिंपी टेप आवळायचा, पोरं ऐटीत पोट आत ओढायची आणि दिवाळीपर्यंत शर्ट उसवायचे. हा मात्र छातीभोवती टेप सैल धरून म्हणायचा, “श्वास घे बाळा. भरपूर घे. थांब तसाच.” भरल्या छातीचं माप लिहायचा आणि वर बोटभर कापड वाढीला सोडायचा. म्हैसूरला त्याच्या घराण्याच्या कितीतरी पिढ्या झाल्या होत्या. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, आणि गिऱ्हाईक जे बोलेल ते दुकानात.

दुकान आणि घर एकच, लष्कर मोहल्ल्यात. आत शिलाईची मशिनं, मागं स्वयंपाकघर, आणि रस्त्याकडच्या मोठ्या खोलीत पांडुरंग. काळ्या दगडाची हातभर मूर्ती. एकादशीला तिथं भजन व्हायचं, आणि त्या दिवशी मशिनं बंद.

त्याची बायको कमलाक्षी हसरी, तोंडाळ बाई. बऱ्याच वर्षांनी शेजारच्या रिकाम्या जागेत गाड्यांच्या पत्र्याला रंग मारायचा कारखाना आला आणि वर्षभरात तिचा श्वास कोंडायला लागला. आधी नुसता खोकला, मग जिन्याची पायरी चढली की धाप, मग उशीला टेकून बसल्याशिवाय झोप नाही. डॉक्टर बाई स्पष्टच म्हणाल्या, “औषधं देते मी. पण ह्या हवेत राहिलात तर औषधाचा काही उपयोग नाही. जागा सोडा.”

वेंकटरमणनं जागा सोडायची ठरवली. मूलबाळ नव्हतं, विचारायचं कुणाला? शहराच्या टोकाला हेब्बाळच्या पलीकडं, कारखान्यांची वस्ती संपते तिथं एक बैठं घर मिळत होतं. मागं मोकळं रान. कमलाक्षी तिथं जाऊन आली आणि अंगणात उभी राहून म्हणाली, “अहो, इथं वारा वास घेऊन येत नाही.” त्यानं त्याच दिवशी विसार दिला. इकडं मोहल्ल्यातलं घर घ्यायला रंगाच्या कारखान्याचाच मालक तयार होता, त्याला जागा वाढवायची होती. करारावर सह्या झाल्या. मग खरेदीखत करायला वेंकटरमण वकील नरसिंहमूर्तींकडं गेला.

“घर कुणाच्या नावावर?” वकिलांनी विचारलं.

“पांडुरंगाच्या.”

“तो कोण? भाऊ?”

“अय्यो, नाही स्वामी. देव. समोरच्या खोलीत असतो तो.” आणि त्यानं सगळं सांगितलं. त्याच्याआधीची भावंडं जगली नव्हती. तोही तान्हेपणी तापानं फणफणला, तेव्हा वडील देवाला म्हणाले, हा वाचला तर घर तुझं. तो वाचला. वडिलांनी कचेरीत जाऊन रीतसर दानपत्र नोंदवून घर देवाला लिहून दिलं. घरच्यांनी तिथं राहावं, पूजा चालवावी, एवढंच.

वकिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “आणि हे तुम्ही मला आत्ता सांगता? करार करून बसल्यावर?”

“त्यात काय झालं? आम्ही निघालो की देवही निघणार. त्याला काय मागं ठेवणार आहोत?”

“रमणप्पा, कायद्यात देव म्हणजे अज्ञान बालक. त्याची इस्टेट तुम्ही सांभाळायची, विकायची नाही. विकायची तर कोर्टाची परवानगी. त्याच पैशानं घेतलेलं नवं घरही त्याच्याच नावावर. आणि विकण्यात त्याचं हित आहे हे कोर्टाला पटवायचं.”

“आणि कमलाचं हित?”

वकिलांनी चष्मा पुन्हा चढवला. “ते ह्या अर्जात कुठं बसत नाही.”

तरी त्यांनी अर्ज केला. पेपरात जाहीर नोटीस दिली. भजनाला येणाऱ्या सगळ्यांनी ‘आमची हरकत नाही’ असं लिहून दिलं तर काम लवकर होईल, म्हणाले. एकानं जरी हरकत घेतली तरी साक्षीपुरावे आले, आणि मग वर्षं जातील.

वेंकटरमण घरोघर फिरला. भजनी माणसं साधी होती. कुणी डोळे पुसून सही केली, कुणी दोन शब्द सुनावून. राहिला एक अनंतकृष्ण. रेशमाच्या गिरणीतून निवृत्त झालेला, बायको गेलेली, सुनेशी पटत नसलेला. वेंकटरमणचा लहानपणापासूनचा सोबती. भजनात टाळ त्याच्या हातात असायचा.

एकादशीचं भजन संपून माणसं पांगल्यावर वेंकटरमणनं कागद त्याच्यापुढं धरला. आतून कमलाक्षीचा खोकला ऐकू येत होता.

“अनंतण्णा, तुझीच सही राहिली.”

अनंतकृष्ण टाळाची दोरी गुंडाळत होता. “माझी राहूदे.”

“म्हणजे?”

“म्हणजे राहूदे. इथं रंगाचे डबे ठेवणार तो. ह्या जागेवर, जिथं आपण बसलोय. तुझ्या अप्पांना काय सांगू मी?”

“अप्पा गेले. कमला आहे अजून. तिकडं पण खोली आहे देवाला, ह्याच्यापेक्षा मोठी. भजन तिथं करू.”

“हेब्बाळला? दोन बसा बदलून? हे गुडघे बघ माझे. आणि रात्री परत कोण आणणार मला, तू?” अनंतकृष्णानं टाळ खाली ठेवला. “तुला बायको आहे, दुकान आहे. मला महिन्यातून दोनदा ही खोली आहे, रमणा. बाकी घरात मी कॉटवर पडलेलं गाठोडं.”

“मी तुझ्या पाया पडतो.”

“पडू नकोस. मला लाज वाटते. पण सही नाही करणार.”

वेंकटरमण खरंच पाया पडला. अनंतकृष्णानं पाय मागं ओढले आणि चपला हातातच घेऊन बाहेर पडला.

कमलाक्षी दाराला टेकून उभी होती. “देवाला दमा नाही,” ती धापा टाकत म्हणाली, “तेवढी त्याची सोय आहे बघा.” आणि हसायला गेली तर उबळ आली. तो तिची पाठ चोळत राहिला. मूर्तीकडं त्यानं त्या दिवशी पाहिलं नाही.

अनंतकृष्णानं हरकत नुसती मनात ठेवली नाही, कोर्टात लेखी दिली. पुढं तारखा सुरू झाल्या. एकदा न्यायाधीशांची बदली झाली. एकदा अनंतकृष्णाचा वकील आला नाही. प्रत्येक तारखेला वेंकटरमण इस्त्रीचा शर्ट घालून जायचा आणि बाकावर तासन् तास बसून यायचा. कमलाक्षीनं विचारायचं सोडून दिलं. एका तारखेला तो परतला तेव्हा ती स्वयंपाकघरात फरशीवर बसलेली होती, ओठ निळे पडलेले, हातात चिरायची भेंडी तशीच. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. त्या खेपेला वाचली. हेब्बाळचा घरमालक आणखी थांबायला तयार नव्हता, त्यानं घर दुसऱ्याला दिलं. रंगाच्या कारखानदारानंही करार मोडला आणि गल्लीतलीच दुसरी जागा घेतली.

मग कमलाक्षीचा भाऊ शंभूराव कृष्णराजनगरहून आला. नदीकाठी भाताची शेती, स्वच्छ हवा. “भावोजी, तिला मी नेतो. तुम्हीही चला.”

वेंकटरमणला जाता येईना. परवानगी मिळाली तर घराला दुसरं गिऱ्हाईक बघता आलं असतं. पूजा चालवणारा घर सोडून गेला, असं समोरच्या वकिलानं म्हटलं की अर्जच बुडाला, असं नरसिंहमूर्तींनी बजावलं होतं. कमलाक्षी एकटी गेली. रिक्षात बसताना म्हणाली, “दर दोन दिवसांनी दूध नासतं तुमच्या हातानं. फ्रीजमध्ये ठेवत जा.” एवढंच.

अर्ज अजून कोर्टात आहे. कमलाक्षीला तिकडं रात्री झोप लागते. रविवारी दुकान बंद करून वेंकटरमण कृष्णराजनगरची बस पकडतो आणि संध्याकाळी दिवाबत्तीला परततो. एकादशीला समोरच्या खोलीत भजन होतं. बाकीची माणसं हळूहळू यायची थांबली. अनंतकृष्ण काठी टेकत येतो, टाळ घेतो, आणि वेंकटरमण त्याच्याशी एक शब्दही न बोलता पेटी वाजवतो.