टाचेच्या माथी मारलेला खून

त्या घटनेची आठवण झाली की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. साठच्या दशकात मी वणीला फौजदार होतो. एका सकाळी कापसाच्या जिनिंगमधला एक कारकून ठाण्यात आला. बायको जिन्यावरून पडून मेली, अशी खबर त्याने दिली. म्हणाला, "उंच टाचेच्या सँडल होत्या साहेब. तोल गेला."

बाई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. नुकताच बौद्ध धर्म स्वीकारलेल्या घरातली, तिच्या गावातली पहिली शिकलेली मुलगी. प्रेत जिन्याच्या पायथ्याशी होते, पायात सँडल होत्या. पंचनाम्यावर सही करताना एक पंच हसून म्हणाला, "यायच्या पोरीयले बी आता टाचा पाह्यजे!" बाकीचेही हसले. मी त्याला हटकले नाही. आकस्मिक मृत्यूची नोंद केली, सँडल मुद्देमालात जमा केल्या आणि मोकळा झालो.

आठवड्याने बाजारातला म्हातारा मोची ठाण्यात आला. ठाणे अंमलदार त्याला हाकलत होता. मी आत बोलावले.

"सायेब, ते बाई त्या सँडल घालतच नव्हती," तो म्हणाला. "नवऱ्यानं नागपूरहून आणल्या. एकच दिवस घातल्या अन् घोटा मुरगळला. मले म्हणे, बाबा, टाच कापून द्या. मी म्हटलं, कापली तर जोडा वाकडा होते. मंग साधी चप्पल नेली तिनं."

मी सँडल त्याच्यापुढे ठेवल्या. त्याने आत बोट फिरवले. "टाच वर झाली का सारा भार बोटायवर येते. रोज घातल्या असत्या तर अथी बोटायचे खड्डे पडले असते. हे तर कोऱ्या हायेत."

मी तडक शवविच्छेदन केलेल्या डॉक्टरांकडे गेलो. ते माझ्यावरच उखडले. "रोज उंच टाच घालणारीच्या चवड्यांना घट्टे पडतात, बोटं दबतात. हिची बोटं मोकळी होती, टाचांना भेगा होत्या. दोन्ही दंडांवर पकडल्याचे वळ होते. मी अहवालात लिहिलं होतं. तुम्ही वाचलं नाही."

खरेच वाचले नव्हते. लाज वाटली आणि त्याहून जास्त संताप आला.

नवऱ्याला बोलावले. सँडल टेबलावर ठेवून विचारले, "रोज घालायची?"

"रोज. पायातून काढतच नव्हती."

"शाळेचा रस्ता मुरमाचा, मैलभर. मग टाचा झिजल्या काहून नाहीत?"

मोचीला समोर आणून बसवले, तेव्हा त्याने तोंड उघडले. बाईला पुढच्या प्रशिक्षणासाठी यवतमाळला जायचे होते. याचा विरोध होता. भांडणात दंड धरून त्याने तिला जिन्यावरून ढकलले. ती हलेना, तेव्हा सँडल आणून पायात चढवल्या.

"सँडलच कायले?" मी विचारले.

खाली पाहत तो म्हणाला, "त्या एका दिवशी सारे तिले हसले होते साहेब. वाटलं, लोक खरं मानतीन."

लोकांनी मानलेच होते, आणि मीही. पुढे त्याला जन्मठेप झाली.

निकालानंतर तिचे वडील आले. शेतमजूर माणूस, हात जोडून उभा. म्हणाले, "सायेब, त्याले काय व्हाचं ते झालं. पन माही पोरगी शौकापायी मेली असं लोक अजून म्हनतेत. तुमी एकदा सांगा ना."

दुसऱ्या दिवशी मी गणवेश चढवून तिच्या आळीत गेलो. माणसे गोळा केली आणि सगळे सांगितले, न वाचलेल्या अहवालासकट. कोणी मान वर केली नाही. मेलेल्या बाईला लोक हसू लागले की तपास तिथूनच सुरू करायचा, हे मी त्या प्रकरणात शिकलो. पण त्या हसण्याला लावायला कलम नव्हते. असते, तर पहिला आरोपी म्हणून मला माझेच नाव लिहावे लागले असते.