सिद्धम्माक्कांनी वाळवलेला कचरा

नवरा गेल्यावर सिद्धम्माक्का उदगीरचं घर सोडून लातूरला मुलाकडे, श्रीशैलकडे राहायला आल्या. त्यांचं घर माझ्या घराला लागून. डाळ मिलमधली हमाली सोडून मी घरी बसलो होतो, त्यामुळे त्यांचं रोजचं काम माझ्यासमोर व्हायचं.

अक्का रिकाम्या बसत नसत. सत्तरी आलेली, गुडघे दुखायचे, तरी पहाटे अंघोळ, मग गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा, मग भाकरी. जेवण झालं की ताट धुवून ते पाणी पिऊन टाकायच्या. प्रसादाचा कण वाया घालवायचा नाही, ही त्यांच्या घरची रीत.

अडचण फुलांची होती. पूजेची फुलं आणि बेल उदगीरला परसातल्या झाडाच्या बुडाला जायचा. इथं सगळ्या अंगणाला फरशी. सकाळी घंटागाडी यायची, पण देवाची फुलं कचऱ्याच्या गाडीत टाकायला अक्का तयार नव्हत्या. पिशवी भरली की तिला गाठ मारून त्या पलंगाखाली सारायच्या.

सून दामिनी शाळेत शिकवते. एकदा पलंगाखाली मुंग्या झाल्या.

"आत्याबाई, पलंगाखाली बेलाचं रान झालंय. गाडीत देऊन टाका."

"तुझ्या माहेरच्या देवाची दे. माझ्या देवाची न्हाई देणार."

"माहेरचा देव पण हाच आहे की!"

"मग त्याला इचार."

दामिनीनेच मग तोड काढली. घरातल्या कचऱ्याचं घरातच खत करायचं. सालं, देठं, चहाचा चोथा, सगळ्याची माती होते. फुलांचीही होईल. माती म्हटल्यावर अक्कांनी ऐकून घेतलं. पण आधी सालांची माती होऊ दे, ती डोळ्यांनी बघेन, मग फुलांचं ठरवीन, म्हणाल्या. दामिनीनेही सांगून टाकलं, "श्रावणापर्यंत बघू. श्रावणात बेल टोपल्यानं येतो. तोवर जमलं नाही तर फुलं गाडीत."

मी एका जुन्या पिंपाला भोकं पाडून दिली. एक थर वाळला पाला, एक थर सालं, वर थोडी माती, असं दामिनीने समजावलं. ओला कचरा नुसता टाकला तर वास सुटतो, हेही सांगितलं आणि शाळेत गेली. परीक्षांचे दिवस होते, पुढे तिने पिंपात डोकावलं नाही.

अक्कांच्या मनात वासाचंच राहिलं. त्यांनी सालं विळीवर बारीक चिरली आणि गच्चीवर जुन्या लुगड्यावर पसरली. चारी कोपऱ्यांना दगड ठेवले. दुपारी वर जाऊन परतायच्या, संध्याकाळी गोळा करून पिंपात दाबून भरायच्या आणि तोंडाला फडकं बांधायच्या. कुरडया-सांडग्यांचं करतात तसंच. चैत्राच्या उन्हात, त्या गुडघ्यांनी जिना चढणं सोपं नव्हतं. कामात कुठं कसूर नव्हती.

मला बोलावून फडकं सोडायच्या.

"निवृत्ती, नाक लाव. येतोय का वास?"

"न्हाई बा."

"मग!"

सुट्टी लागल्यावर दामिनीने पिंप उघडलं. दोडक्याची सालं कुरकुरीत, कांद्याची सळसळणारी, मेथीच्या काड्या कडक. ती पायरीवर बसून हसायला लागली.

"आत्याबाई, ह्याचं वाळवण झालंय. तळलं तर खाता येईल."

अक्का हसल्या नाहीत. "ओल्याचा वास सुटतो, तूच म्हणलीस."

"म्हणून वर माती टाका म्हटलं होतं. वाळल्यावर ते कुजेल कसं?"

"कुजवायचं हाय?"

"कुजल्याशिवाय माती कशी होईल?"

अक्का आत गेल्या. जन्मभर त्यांनी घरात काही कुजू दिलं नव्हतं. एवढी मेहनत फुकट गेल्यावर माणूस काम सोडतो. मला वाटलं, आता पिंप भंगारात जाणार.

सकाळी त्यांची हाक आली. "निवृत्ती, पिंप आडवं कर."

पाणी लागणार होतं. आमच्याकडे नळ रोज येत नाही, कचऱ्यावर पाणी ओतायला कुणाचा हात होत नाही. अक्कांनी तांदूळ-डाळीचं धुवण साठवायला घेतलं. आंबट ताक घातलं, गवळ्याकडून शेण आणवलं. सालं, शेण, माती असे थर दिले. काही दिवसांनी हात घातला तो झटक्यात मागे घेतला.

"अय्यो, ह्याला ताप आलाय!"

"यायलाच पाहिजे, कुजायला लागलं की गरम होतं," दामिनी म्हणाली.

वासही सुटला. त्या दिवशी अक्का शेजारणीकडे मान वर करून बघेनात. पाला वाढवल्यावर वास गेला. काठीने हलवायचं काम माझ्याकडे होतं.

"वरवर नको हलवू. खालचं वर येऊ दे."

"हमाली केलीय मी, अक्का."

"म्हणून तर तुला सांगतीय."

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी अक्कांनी पिंप रिकामं करायला लावलं. तळाला काळी, भुसभुशीत माती निघाली. वरचं अजून कच्चं होतं, आंब्याच्या कोया तशाच होत्या. अक्कांनी मूठभर माती नाकाशी नेली.

"अर्धंच झालंय," त्या दामिनीला म्हणाल्या.

"होतंय ना पण."

मग त्या पलंगाखालच्या फुलांच्या पिशव्या घेऊन आल्या. सालांच्या पिंपात फुलं नकोत, म्हणून वेगळा माठ ठेवला होता. पहिल्या गाठीवर हात थांबला.

"देवाची फुलं कुजवायची म्हणजे..."

"उदगीरला झाडाखाली काय होत होतं, आत्याबाई?"

"तिथं मी बघत नव्हते."

घंटागाडी दारावरून गेली. दामिनीने पिशव्या गाडीकडे नेल्या नाहीत, की अक्कांना घाई केली नाही. थोड्या वेळाने अक्कांनी गाठ सोडली. पिशवी माठात उलटी केली, वर मूठभर काळी माती टाकली, मग दुसरी पिशवी सोडली. मी काठी घेऊन पुढे झालो.

"ती इकडं दे," अक्का म्हणाल्या. "ह्याला दुसऱ्याचा हात नको."

दामिनी तांब्या घेऊन शेजारी बसली. अक्का हलवत राहिल्या, ती धार धरत राहिली.