अकरा रेघांची कुपी

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर एक जुना फ्रीज उभा आहे. दाराला चिकटपट्टी, अंगावर गंज, पण पोटात गारवा असा की नव्याने लाजावं. त्याच्यासमोर दोन्या, म्हणजे बाई, डेल्मिरा इझागिरे, वय त्रेसष्ट. येर्बाचा, म्हणजे तिकडच्या कडवट पाल्याच्या चहाचा, थर्मास तिने शिस्तीने बाहेर खिडकीत ठेवलाय. उरुग्वेतल्या मॉन्तेव्हिदेओच्या या प्रयोगशाळेत ती एकतीस वर्षं तंत्रज्ञ आहे.

पेशीच्या आत तंतूंचा सांगाडा असतो. त्यातलं व्हिमेंटिन नावाचं प्रथिन नेमकं हुडकून त्यालाच चिकटणारी अँटीबॉडी परदेशातून यायची, म्हणजे आली तर. म्हणून एकदा वापरलेली अँटीबॉडी इथे कुणी ओतून देत नसे. पेशींवरून ती परत खेचून घ्यायची, कुपीत भरायची, नासू नये म्हणून थेंबभर औषध घालायचं आणि कुपीवर एक रेघ ओढायची. डेल्मिराच्या कुपीवर अकरा रेघा होत्या.

विभागप्रमुख रामिरो बेंतांकोर जर्मनीत पाच वर्षं काढून आलेला. त्याला पिपेट धरायला डेल्मिरानेच शिकवलेलं, पण आता त्या रेघा त्याच्या डोळ्यांत खुपत.

"दोन्या डेल्मिरा, हे रसायन आहे की तीर्थ?"

"तीर्थ काय एकदाच घेतात का रे?"

त्याने फ्रीजमधलं सगळं जुनं फेकून द्यायला सांगितलं. डेल्मिराने फ्रीज लख्ख केला. फक्त ती एक कुपी, पेशी वाढवायला लागणाऱ्या वासराच्या रक्तद्रवाच्या बाटल्यांमागे सरकवली, आणि त्याबद्दल तिला कुणी विचारलं नाही.

जानेवारीत अनालियावर संकट आलं. पीएच.डी. करणारी ही मुलगी डेल्मिराच्या जिवाची. तिच्या लेखावर परीक्षकांनी एकच मागणी केली होती: पेशींमधलं व्हिमेंटिनचं जाळं दाखवा. मुदत सोमवारपर्यंत. लेख गेला तर शिष्यवृत्तीही जाणार होती. मागवलेली नवी कुपी आली खरी, पण इथल्या जानेवारीच्या भर उन्हाळ्यात अठरा दिवस कुठल्याशा गोदामात पडून. बर्फाचं पाणी होऊन तेही आटलेलं. सूक्ष्मदर्शकाखाली नुसता काळोख. पोरगी बाहेर स्टुलावर बसून राहिली, हातातला येर्बा थंडगार.

डेल्मिरा फ्रीजकडे गेली आणि बाटल्यांमागची कुपी काढली. त्या म्हाताऱ्या अँटीबॉडीत बळ थोडं उरलेलं, म्हणून डेल्मिराने तिला काम करायला जागाही थोडीच दिली. प्लास्टिकच्या पट्टीवर अँटीबॉडीचे बारके थेंब ठेवले आणि पेशी वाढलेल्या इवल्या काचा त्यांवर पालथ्या घातल्या. एका काचेखालच्या थेंबात मात्र अँटीबॉडी मुद्दामच घातली नाही. रात्रभर सगळं गारव्यात ठेवलं. सकाळी तिने अँटीबॉडीला जाऊन चिकटणारा चमकता रंग सगळ्या काचांना दिला आणि अनालियाला अंधाऱ्या खोलीत बोलावलं. मागोमाग रामिरो आला, हाताची घडी घालून.

"फेकायला सांगितली होती ना?"

"सांगितली होतीस."

दिवा मालवला. अनालियाने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"आहे," ती म्हणाली. "सगळं आहे."

काळ्याभोर अंधारात हिरवे तंतू उजळले होते, बुसेओ बंदराच्या धक्क्यावर वाळत घातलेल्या जाळ्यासारखे, गाठ न् गाठ मोजता येईल असे. रामिरो वाकून पाहत म्हणाला की नुसता रंगही कुठेही चिकटून उजळतो, यात पुरावा कसला. डेल्मिरा याच वाक्याची वाट पाहत होती. तिने ती वेगळी काच सरकवली. तिथे मिट्ट काळोख.

"हिला अँटीबॉडी दिली नव्हती," ती म्हणाली. "रंग तोच, पेशी त्याच."

रामिरोने दोन्ही काचा पुन्हा पाहिल्या. मग घडी सोडली आणि स्वतःच फोटो घ्यायला बसला.

बारावी रेघ मात्र डेल्मिराने ओढली नाही. आधी परीक्षकांना मानू दे, म्हणाली. मार्चमध्ये त्यांनी मानलं. त्या सकाळी रामिरो बिस्कोचोंचा, म्हणजे साखर लावलेल्या छोट्या पावांचा, भला मोठा पुडा घेऊन आला. अनालियाने डेल्मिराला अशी मिठी मारली की थर्मास आडवा झाला. सगळी प्रयोगशाळा बाहेर जमली, टाळ्या थांबेनात. रामिरोने फ्रीजमधून, बाटल्यांच्या पुढून, कुपी काढली. ती आता दर्शनी जागी असे. खिशातून पेन काढून त्याने रेघ ओढण्याची परवानगी मागितली.

डेल्मिराने साखर लागलेली बोटं पुसली आणि चष्मा वर केला.

"ओढ. पण बारीक ओढ, रामिरो. तेरावीला जागा लागेल."