बुडालेल्या जहाजातला पेला

गेल्या रविवारी पूजा आटोपून उठले, तर नात ईरा सहलीहून परत आली होती. बॅग उघडायच्या आधीच तिने मोबाइल माझ्यासमोर धरला... किनाऱ्याजवळ बुडालेलं जहाज! तोंडात नळी धरून वरवर पोहायचं आणि खाली बघायचं. स्नॉर्केलिंग म्हणतात.

व्हिडिओत गाइड सांगत होता, लढाईत बुडालंय, "यहाँ लोग सोते थे." आणि सगळे अंगठे दाखवत फोटो काढत होते. माझं डोकंच तापलं.

मग तिने पिशवीतून हिरवा पडलेला पितळी पेला काढला. गाइडने "दीदी, यादगार है" म्हणत विकलेला. माझा मुलगा लगेच म्हणाला, "शोकेसमध्ये छान दिसेल."

"मसणातून उचलून कोणी घरी आणतं का रे?"

"आजी, काहून चिडून राहिली? पुरानं जहाज आहे ते," ईरा म्हणाली.

पुरानं! माझा मोठा भाऊ वसंता अशाच मालवाहू जहाजावर खलाशी होता. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस, मी लहान होते, बाबांना इथल्या फॅक्टरीत तोफगोळ्यांच्या पेट्या भरायची डबल ड्यूटी... आणि त्यातच जहाज बुडाल्याची तार आली. देह नाही, सामान नाही.

गुरुजी म्हणाले, पळसाच्या देठांचा पुतळा करून दहन करू. आईने त्यांना थांबवलं. "त्याची एक वस्तू आणा माझ्यासमोर, मग करते दिवस." आई गेली, पण वस्तू काही आली नाही. ईराला हे मी कधी सांगितलंच नव्हतं... ती चूक माझी.

मुलगा हळूच म्हणाला, "आई, हे मामाचं जहाज थोडंच आहे?"

"नसेल. पण कोणाच्या तरी मामाचं आहे ना!"

रागारागात पेला मोरीत नेला, चिंच-मीठ लावून घासला. कुठलंही भांडं हाती आलं की त्यावर नाव कोणाचं ते बघायची आपली बायकांची सवय... बुडाशी ठिपक्याठिपक्यांची अक्षरं निघाली. 'दत्तू पां.'

ईरा खांद्यावरून वाचत होती. "आजी... मी हे विकत आणलं," एवढंच बोलली. मग तिने स्वतःच गाइडला फोन लावून पेला कुठून काढला ते विचारलं, तर तो म्हणतो, "ऐसे तो बहुत हैं, मॅडम. और चाहिए?"

बहुत! स्वतःच्या बापाच्या चितेभोवती दोरी बांधून तिकीट लावाल का हो? आणि आपण रांगेत उभं राहून ते काढतो!

पेला शोकेसमध्ये गेलेला नाही. फोटो ईराने काढून दिलाय, खाली जोडला आहे. तुमच्या घरातला, ओळखीतला कोणी दत्तू लढाईच्या वर्षांत जहाजावर गेला आणि आला नाही, असं असेल तर कळवा. माझ्यासारखी त्याची एखादी बहीण अजून असेल, तर तिला सांगा... एक वस्तू आली आहे.